ठसक्यावर पाणी
माझ्या नवऱ्याच्या घशातला कॅन्सर बराच पुढं गेला होता. तरीही डॉक्टर म्हणाले, सगळं स्वरयंत्र काढायला नको. जास्तीचा भाग काढू, उरलेलं वर ओढून शिवू. आवाज घोगरा होईल, पण बोलता येईल आणि श्वासासाठी गळ्याला कायमचं भोक राहणार नाही. ह्यांनी एवढंच ऐकून मान हलवली. पुढचं मी ऐकलं. गिळायला नव्यानं शिकावं लागेल. पाणी सगळ्यात अवघड, ते चुकून फुफ्फुसात उतरतं. तसं वारंवार झालं तर उरलेलंही काढावं लागेल.

पेडगावात आमची पिठाची गिरणी आहे. चालू गिरणीतही ह्यांचं बोलणं रस्त्यापलीकडं जायचं, त्यामुळे आमच्या घरातली एकही गोष्ट गावापासून लपून राहिली नव्हती.

ऑपरेशन झालं, गळ्यातलं तात्पुरतं भोक बुजलं, आम्ही घरी आलो. पाण्यासाठी नाकातली नळी तेवढी राहिली. घासाची रीत अशी: हनुवटी खाली, श्वास रोखायचा, गिळायचं, लगेच खोकायचं, पुन्हा गिळायचं. म्हणजे घट्ट पिठल्याच्या प्रत्येक घासाला एक खोकला. डॉक्टरांच्या मते हे उत्तम चाललं होतं.

भेटायला येणाऱ्यांचं मत वेगळं होतं. आमच्याकडे कुणाला ठसका लागला की कुणीतरी आठवण काढली म्हणतात आणि तांब्या पुढं करतात. त्यात विचार करायला कुणी थांबत नाही. ह्यांनी हात हलवून नको म्हटलं की तो संकोच समजायचे आणि आणखी आग्रह करायचे. मी तांबे-पेले उचलून गिरणीत नेऊन ठेवले, तर शेजारीण कुंपणावरून पेला देऊ लागली. आमच्या घरी आल्यागेल्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत, हे चार दिवसांत गावभर झालं. हे सांगणारी मंडळी आमच्याच ओट्यावर बसून, बिडीनं माणसाचं कसं वाटोळं होतं ते बिडी ओढत बोलायची.

खरं तर ह्यांना बोलता येत होतं. पण एकदा फोन उचलून "बोला" म्हणाले, तर सख्ख्या चुलतभावानं "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. तेव्हापासून लोकांसमोर तोंड बंद. डॉक्टरांनी एवढ्या खटपटीनं वाचवलेला आवाज नवरा मला एकटीला ऐकवायचा, तोही मीठ कमी आहे म्हणून.

मग एका म्हाताऱ्या पाहुण्याचा मान राखायला ह्यांनी घोटभर पाणी घेतलंच. संध्याकाळी ताप चढला, छाती घरघरायला लागली. औषधांनी उतरलं, पण डॉक्टर फोनवर म्हणाले, असंच होत राहिलं तर मला वेगळा विचार करावा लागेल. वेगळा म्हणजे कोणता, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात पाथरीहून नणंद आली. ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनंच ह्यांना वाढवलं, आणि तिला नको म्हणायची ह्यांची आजवर छाती झाली नव्हती. दळण संपवून, गिरणी बंद करून मी घरात आले, तर ताटातलं पिठलं अर्धं झालेलं, हे खोकतायत आणि नणंदेच्या हातात भरलेला तांब्या. तिनं तो पाथरीहून येतानाच पिशवीतून आणला होता. आमच्या घराची कीर्ती तिथवर पोचली होती.

"घे की रं घोटभर. ही पाणी बी देईना व्हय तुला?"

मी बोलले असते तर जन्मभरासाठी पाणी तोडणारी भावजय झाले असते. तरी मी पुढं झाले. तेवढ्यात ह्यांनी तांब्या हातानं बाजूला सारला.

"अक्का, पाणी नको."

गिरणीचा पट्टा घसरावा तसा आवाज. नणंद ह्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडणार.

"आवाज लय बसलाय की," ती म्हणाली. "सर्दी झाली व्हय? थांब, हेच जरा गरम करून आणते."

ती चुलीकडं निघाली. ह्यांनी मला हातानं थांबवलं आणि पुन्हा, होता नव्हता तेवढा जोर लावून म्हणाले, "अक्का, गरम बी नको!"

ओट्यावरच्या मंडळींनी बिड्या खाली करून आत वळून बघितलं.