जहाजातली मधली खोली

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर, खाडी, भूशिर, दंतुर किनारा. नेरच्या शाळेत किती पोरांकडून हे घोकून घेतलं, त्याची गणती नाही. प्रत्यक्ष समुद्र मात्र मी एकदाच पाहिला, मुंबईला एका प्रशिक्षणाला गेलो तेव्हा, तोही घाईघाईत. बायकोनं तर तेवढाही नाही. निवृत्तीनंतर आमच्या पुण्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, की तुम्ही दोघं आता जहाजानं फिरून या, मुंबईहून गोवा, तिथून खाली केरळपर्यंत आणि परत. मी हसलो. बायको हसली नाही. ती तूर निवडत होती, तिचा हात थांबला. "मले डोळे भरून समुद्र पाह्यचा हाये," ती म्हणाली. "बाकी तुमी पाहा."

त्या 'बाकी'तच सगळा घोळ झाला.

तारीख ठरवायला वेळ लागला नाही. कापसाची शेवटची वेचणी संपली, उलंगवाडी झाली, की तिथून पेरणीपर्यंतच आमच्याकडचा माणूस मोकळा असतो. लग्नं, सहली, गुडघ्याची ऑपरेशनं, सगळं त्याच दिवसांत बसवायचं. म्हणजे मे महिना. आणि मे महिना म्हटलं, की आमच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही, फक्त ऊन.

मुलीनं मोबाइलवर जहाजाचं माहितीपत्रक पाठवलं. आठवडाभर मी ते वर-खाली सरकवत बसलो आणि जितकं वाचलं तितका गोंधळलो. पानापानावर उन्हाची तारीफ. सोनेरी ऊन, उबदार किनारा, उन्हात न्हालेला डेक. एका चित्रात तर भर दुपारी ओळीनं खुर्च्या मांडून माणसं उघड्यावर आडवी पडलेली. आमच्याकडे मे महिन्यात असं कोणी पडलेलं दिसलं, तर लोक पाण्याचा तांब्या घेऊन धावतील. छापणाऱ्यांचं काही चुकलं होतं की माझंच, ते मला कळेना. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला ऊन विकायला निघालेले हे लोक कोण, असाही मला राग आला.

शेवटी दुपट्टा बांधून एसटीनं यवतमाळला गेलो. बसस्टँडजवळ एका मोबाइलच्या दुकानावर ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस होतं. एजंट गोड बोलणारा. त्यानं सांगितलं, खोल्या तीन प्रकारच्या. एक बाल्कनीवाली, एक खिडकीवाली आणि एक आतली, जिला दोन्ही नाही. मी विचारलं, ऊन कोणत्या बाजूनं लागतं? हा प्रश्न त्याला बहुधा कोणी विचारला नव्हता. तो संगणकात शोधू लागला. मग मीच त्याच्या टेबलावरचा कागद ओढला आणि आकृती काढली. जहाज दक्षिणेला जाताना पश्चिम उजव्या हाताला, म्हणजे दुपारी उजवीकडच्या खोल्या भाजणार. परतीला तोंड उत्तरेला, म्हणजे डावीकडच्या भाजणार. कुठलीही बाजू घ्या, एकदा तरी होरपळणं आलंच. राहिली आतली खोली, तीच पक्की केली. एजंट माझ्याकडे पाहतच राहिला. मला ते कौतुक वाटलं. निघताना मी, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवलेला जहाजावर चालतो का, तेही विचारून घेतलं.

"सर, लोक तिथं उन्हासाठीच तर जातात," तो म्हणाला. मला त्या लोकांची दया आली.

इथं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये आमची झोपायची खोली. तिला खिडकी नाही, त्यामुळे उन्हाची झळ तिच्यापर्यंत पोचत नाही. बाहेर डांबर पाघळत असताना तिथं कूलर लावून माणूस सुखानं पडू शकतो. उन्हाळ्यात पाहुणा आला, की आधी त्याला मधल्या खोलीत नेऊन बसवायचं, अशी आमच्याकडची रीत. लग्न झालं तेव्हा ती खोली आम्हाला मिळाली, आणि मला ते माझं भाग्यच वाटलं होतं. जहाजातही तशीच खोली मिळाली, या आनंदात मी परतीच्या एसटीत मांडीवर पिशवी घेऊन मस्त झोपलो.

घरी आल्यावर एजंटनं दिलेला जहाजाचा छापील नकाशा टेबलावर पसरला. बायकोनं पदरानं चष्मा पुसला.

"आपली रूम कोनती?"

मी बोट ठेवलं. बरोबर मध्यभागी.

"खिडकी कुठं हाये?"

"खिडकी नाही. तेच तं चांगलं हाये. उन्ह लागतच नाही."

तिनं नकाशा होता तसा घडीवर घडी घालून फ्रिजवर ठेवला आणि आत गेली. त्यानंतर दोन दिवस कामापुरतं बोलणं. वाढू का, दूध आलं का, एवढंच. मला काही उमगेना. पाण्याची भीती वाटत असेल म्हणून मी तिला जहाजावरच्या लाइफ जॅकेटची माहिती मोठ्यानं वाचून दाखवली. मासळीच्या वासाची शंका असेल म्हणून शाकाहारी जेवण वेगळं मिळतं, ते सांगितलं. नवी बॅग आणली. ती तिनं उघडूनही पाहिली नाही. तिची बहीण सोबत नाही म्हणून रुसली असेल, असंही वाटून गेलं. मग मात्र मी चिडलो. भर उन्हात यवतमाळच्या चकरा मी मारायच्या आणि वर तोंड हिनं फुगवायचं.

तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलंच. "काहून फुगून राह्यली तू? तुह्यासाठीच तं केलं सारं."

तिनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"चौतीस वर्सं झाले, मधल्या खोलीत झोपून राह्यली मी. डोळे उघडले का भिंत. मले वाटलं, जहाजात तरी सकाळी डोळे उघडीन तं पाणी दिसन. तुमी तिथं बी मधलीच खोली घेतली."

तू कधी बोलली नाहीस, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती बोलली होती. मुलगी लहान असताना घराला प्लास्टर करायला मिस्त्री आला, तेव्हा तिनं मधल्या खोलीच्या गल्लीकडच्या भिंतीत एक खिडकी मागितली होती. मी हसलो होतो. ती भिंत पश्चिमेची, दुपारी काय होईल ते मी तिला पाटीवर आकृती काढून समजावलं होतं. तिनं मान डोलावली, आणि मला वाटलं, पटलं.

मला फार वाईट वाटलं. आणि गोंधळ तर असा, की काही सुधरेना. जे मी इतकी वर्षं सुख म्हणून तिला देत आलो, ते नेमकं कोणाचं सुख होतं?

हात धुतला आणि एजंटला फोन लावला. मे महिन्यातल्या बाहेरच्या बाजूच्या खोल्या सगळ्या गेल्या होत्या. खिडकीवाली एक होती, पण नोव्हेंबरात. नोव्हेंबरात आमचं कापसाचं शेत पांढरंशुभ्र असतं, वेचायला बाया मिळत नाहीत आणि मालकानं बांधावर उभं राहावं लागतं. त्या दिवसांत गाव सोडून समुद्र पाहायला गेलेला माणूस आमच्याकडे मी तरी ऐकला नाही. फोन कानाला तसाच ठेवून मी बायकोकडे पाहिलं. नोव्हेंबर म्हणतात, असं सांगितलं. ती ताटं उचलत होती.

"कापूस दरसाल फुटते," ती म्हणाली.

मी एजंटला हो म्हणून टाकलं. त्यानं जपून विचारलं, "सर, खिडकी उजव्या बाजूची आहे. ऊन लागेल, चालेल ना?"

"लागू द्या," मी म्हणालो.

नोव्हेंबरला अजून अवकाश होता. मी मधल्या खोलीतली तिची खाट उचलली, दारात एकदा अडकली, तिरपी करून काढली आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली टाकली. पडदा सरकवला. दुपारचा एक वाजला होता.

"उन्ह येईन," ती म्हणाली.

"येऊ दे."

ती आडवी झाली, खिडकीकडे तोंड करून. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. डांबरी रस्ता, औषधाच्या दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर, कडुलिंबाखाली दोन बकऱ्या. ती पाहत राहिली. चेहऱ्याला घाम आला, तिनं तो पदरानं टिपला आणि पुन्हा पाहू लागली. मी मधल्या खोलीत जाऊन खाली चटईवर पडलो. तिथं छान गार होतं. मी डोळे उघडे ठेवून पाहिलं. भिंत होती.