लाँचची दुसरी बाजू

आमच्या इमारतीत माझ्या आत्याला सगळे थेंबआत्या म्हणतात. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तळमजल्यावर आमच्या शेजारच्या खोलीत एकटी राहते आणि वाळलेले रंग जिवंत करते. हौशी माणसे छोट्या बाटल्यांतले अ‍ॅक्रिलिक रंग हौसेने आणतात, दोनदा वापरतात आणि वर्षभराने उघडून बघतात तर आत गोळा. असे गोळे तिच्याकडे येतात.

नोकरीत ती इस्पितळाच्या औषधखान्यात कंपाउंडर होती. चौतीस वर्षे औषधे मोजून दिली, त्यामुळे ड्रॉपर तिच्या हातात बोटासारखा बसतो. खिडकीखाली टेबल, त्यावर एनॅमलचा ट्रे, दात कोरायच्या काड्या, शुद्ध पाण्याची बाटली आणि तुटलेल्या माळेचे काचमणी. मणी बाटलीत टाकून हलवले की तळाचा रंग सुटतो. लोखंडी छर्रे ती वापरत नाही, कारण ते गंजतात आणि पांढऱ्या रंगाची वाट लावतात.

बाटली आली की आधी विचारपूस. शेवटची कधी उघडली, झाकण कोणी लावले, उन्हात होती का. मग काडी टोचून निदान. काडी दह्यासारखी आत गेली तर रंग ‘झोपलाय’, रबरासारखी परत आली तर ‘आजारी आहे’, आणि बाटली हलवल्यावर खडा वाजला तर ‘गेला’. गेलेल्या रंगावर ती पाणी फुकट घालवत नाही. वरच्या मजल्यावरची एक शिक्षिका फारच हळहळली, तेव्हा आत्याने तिला बाटली धुऊन परत दिली आणि यात मोहरी ठेव म्हणून सांगितले.

उपचार एकच. दिवसाला एक थेंब, ढवळणे आणि उद्यापर्यंत वाट बघणे. घाई करणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवते.

हे सगळे इमारतीला गंमत वाटते. पण तिने हा उद्योग सुरू केला तो माझ्या वडिलांमुळे.

बाबा तिचे थोरले भाऊ. नदीवरच्या प्रवासी लाँचचे इंजिन त्यांनी जन्मभर सांभाळले. आत्याला कंपाउंडरच्या शिक्षणाला घातले तेही त्यांनीच, वर्षभर दुहेरी पाळ्या करून. निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी त्या लाँचची हातभर लांबीची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. दोन वर्षे खपून केली. बाहेरचा रंग दुकानात मिळेना, म्हणून पाच बाटल्यांतून स्वतःच तयार केला. हिरवट, करडा, जरासा निळा. आत्याने दिलेल्या मलमाच्या बरणीत तो ठेवला. उजवी बाजू रंगवून झाली आणि डावीवर अस्तराचा पांढरा हात मारून ठेवला, त्याच दुपारी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. संध्याकाळी माझ्या पत्नीने बरणीचे झाकण लावले, पण आट्यांवर रंग वाळलेला होता. झाकण नीट बसले नाही, आणि त्या धांदलीत बघणार कोण?

त्याला तीन वर्षे झाली. बाबांचा उजवा हात उठत नाही, शब्द ओठांपर्यंत येऊन अडतात. लाँच त्यांच्या खोलीत फळीवर असते. पुसताना तिची पांढरी बाजू चुकून समोर आली, तर बाबा उठतात, भिंत धरत जातात आणि डाव्या हाताने ती भिंतीकडे फिरवतात. मी एकदा दुकानातून त्यातल्या त्यात जवळचा रंग आणला. त्यांनी बाटली बघितली आणि माझ्या खिशात परत ठेवली. आत्याने स्वतः मिसळून नऊ नमुने केले. नवांनाही मान आडवी.

अखेर यंदाच्या उन्हाळ्यात आत्याने ती जुनी बरणी मागितली. तोवर दुसऱ्यांच्या बाटल्यांवर तिचा हात बसला होता. दादाची बरणी तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिने ब्लेडने वरचे रबर कापून काढले. मधोमध गोटीएवढा भाग काडीला जरा दबला.

“आजारी आहे,” ती म्हणाली. “गेलेला नाही.”

पहिला थेंब त्या दिवशी पडला. चार दिवसांत गोटीचा चिखल झाला. पाचव्या दिवशी आत्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दोन दिवस इस्पितळात राहायचे होते. तिने ड्रॉपर माझ्या हाती दिला आणि बजावले की रोज एक थेंब, आणि फक्त या बरणीत.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. आयुष्य एका कंपनीच्या गोदामात गेले आणि तिथे सगळ्या मालाला एकच नियम. ट्रेमध्ये बरणी धरून एकूण बारा बाटल्या होत्या, कोणाला तीन थेंब मिळालेले, कोणाला सात. मला ते बघवेना. रोज एक याप्रमाणे दहा दिवसांचे दहा थेंब एकदमच दिले तर आत्या येईपर्यंत सगळे काम हातावेगळे होईल, असा मी हिशेब केला. बाराही बाटल्यांना दहा-दहा थेंब दिले, झाकणे लावली आणि लेबले एका रेषेत करून ठेवली. सकाळी बघतो तर बाबांच्या बरणीत वर गढूळ पाणी आणि तळाला गाळ.

आत्या डोळ्यावर पट्टी घेऊन परतली. तिने बरणी कानाशी धरून हलवली.

“किती?”

“दहा.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

तिने बरणी ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाली, “बरं झालं तू औषधखान्यात लागला नाहीस. एका सकाळी अख्खा वॉर्ड आटोपला असतास.”

त्यापुढे ती रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागले. तिने बरणीवर आणि बाकीच्या बाटल्यांवर पातळ फडके बांधले आणि पाणी उडू दिले. दर दोन तासांनी ढवळायचे काम माझ्याकडे आले. मी आठवडाभर रजा टाकली. बरणीतला रंग आटला, पण पाण्याने त्याची पकड गेली होती. म्हणून आत्याने त्यात रंग धरून ठेवणारे अ‍ॅक्रिलिकचे बिनरंगी दूध घातले. त्याने रंग टिकेल, पण थोडा फिका पडेल, हे तिने मला आधीच सांगितले. बाबांना सांगायची हिंमत आम्हा दोघांनाही झाली नाही.

रविवारी सकाळी आत्याने लाँच मांडीवर धरली. बाबांनी डाव्या हातात ब्रश घेतला. पट्टीमुळे तिचा एकच डोळा, त्यांचा एकच हात. दीड तास दोघे तशीच बसली होती. ब्रश रेषेबाहेर गेला की आत्या ओल्या फडक्याने टिपून घ्यायची, आणि बाबा पुढे सरकायचे.

दुसऱ्या दिवशी रंग वाळला. फरक लपण्यासारखा नव्हता. उजवी बाजू गडद, डावी विटल्यासारखी. बाबांनी लाँच खिडकीपाशी नेली आणि दोन्ही अंगांनी फिरवून फिरवून पाहिली. आत्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती. मी तर दाराशीच थांबलो.

बाबांचे ओठ हलले. शब्द यायला बराच वेळ लागला.

“उन्हाची,” ते म्हणाले. मग पुन्हा दम घेऊन, “उन्हाची बाजू.”

तेव्हा मला आठवले. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन धक्क्यावर जायचो. लाँच रोज दुपारी त्याच जागी, त्याच अंगाने लागायची. डाव्या अंगाला तीन तास ऊन, उजवे धक्क्याच्या सावलीत. खऱ्या लाँचचे डावे अंग नेहमीच असे विटलेले असायचे.

“म्हणजे हे याच्या दहा थेंबांचं पुण्य होय, दादा?” आत्याने विचारले, आणि बाबा अर्ध्या ओठांनी हसले. मग त्यांनी लाँच फळीवर ठेवली, डावी बाजू खोलीकडे करून.

बरणीत थोडा रंग उरला होता. आत्याने झाकणाचे आटे ओल्या फडक्याने स्वच्छ पुसले, झाकण लावले आणि ते घट्ट बसले आहे का, हे मला दोनदा तपासायला लावले.