हरणाबाई आणि पेशीतला शिक्का

आटपाडी भागातल्या हरणाबाईंनी आयुष्यभर औषधं पाजली ती मेंढरांना. स्वतः कधी गोळी घेतली नव्हती. दिवाळी झाली की नवरा बिराप्पा, सून राणी आणि कळप घेऊन त्या कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात उतरायच्या. तोडणी झालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची आणि पुढचं रान गाठायचं. एका वर्षी कराडजवळ मुक्काम असताना त्यांना चालताना दम लागू लागला, पोट डाव्या अंगाला फुगलं. राणीनं हट्टानं सांगलीला दवाखान्यात नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला.

तिथल्या डॉक्टर संयोगिता म्हणाल्या, "मावशी, यावर गोळी आहे. पण रोज घ्यायची, चुकवायची नाही."

काही महिन्यांत पोट उतरलं, दम गेला. मात्र पायांत गोळे यायचे, सकाळी डोळे सुजायचे. आता बरं वाटतंय तर कशाला, असं म्हणून हरणाबाईंनी कुणाला न सांगता गोळी सोडली. पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी पुन्हा वाढलेल्या दिसल्या. त्यांनी लगेच खरं सांगितलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. शेजारी येऊन बसल्या. "तुमच्या रक्तात एक बिघडलेलं प्रथिन आहे. ते दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारत सुटतं. शिक्का बसलेली काही प्रथिनं पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि तिथली जनुकं चालू करतात. मग पेशीला हुकूम मिळतो, वाढ, मरू नकोस. निरोगी पेशीत असा शिक्का गरजेपुरताच बसतो. तुमच्यात तो थांबतच नाही."

"आन गोळी काय करती?"

"ते प्रथिन ज्या खाचेत फॉस्फेट घेतं, तिथंच गोळी जाऊन बसते. शिक्का मारणं थांबतं. गोळी बंद झाली की पुन्हा सुरू."

"आन आदी मारल्याला शिक्का? त्यो तसाच ऱ्हातो व्हय?"

"नाही. तो पुसणारी प्रथिनंही शरीरात असतात."

"मग झालं तर. त्यास्नी पुसू द्या. मारणाऱ्याला आमी धरून ठेवतो."

गोळी पोटभर जेवून आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, हे डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. त्यानंतर हरणाबाईंनी ती चुकवली नाही.

दवाखान्याच्या बाकावर त्यांची ओळख पलूसच्या लालासाहेबांशी झाली होती. पलटणीतून निवृत्त झालेला, ऊस पिकवणारा गडी, आजार हाच. पुढं ते यायचे बंद झाले. हरणाबाईंच्या मनाला ते लागून राहिलं. त्या हंगामात त्यांनी बिराप्पाला सांगून कळप थेट लालासाहेबांच्या रानात नेला.

"मला काय झालंय?" लालासाहेब म्हणाले. "रोज पळतोय मी. सोडली गोळी."

हरणाबाईंनी वाद घातला नाही. पण मुक्काम होता तोवर जेवण झालं की त्या त्यांच्या ओसरीवर येऊन बसायच्या आणि त्यांच्यासमोर गोळी घ्यायच्या. एके दिवशी म्हणाल्या, "फौजी, बॉर्डरवर दुश्मन दिसला न्हाई मंजी तुमी पहारा सोडून झोपत हुतासा का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांनी मोटरसायकल काढली. "चला दवाखान्यात, तुमीबी या संगं." हरणाबाई मागं बसल्या, आणि बिराप्पा मेंढरांत उभा राहून बघतच राहिला.

लालासाहेबांचा आजार बळावला होता. त्यांच्यातल्या प्रथिनाची खाच आता बदलली होती, जुनी गोळी तिच्यात बसेना. डॉक्टरांनी दुसरी दिली. पहिले काही महिने काळजीचे गेले, मग पेशी हळूहळू खाली आल्या.

हरणाबाईंच्या रक्तात आज आजाराचा माग जवळजवळ लागत नाही. तपासणी झाली की त्या लगेच निघत नाहीत. परवा कराडची अंकिता नावाची पोरगी पहिला रिपोर्ट हातात घेऊन रडत होती. हरणाबाई तिच्याजवळ सरकल्या, भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हणाल्या, "आदी दोन घास खा. मग मी तुला सांगती, आत काय चाललंया ते."