सावळीराम, सोड!

रविवारी पुंजाराम पगारे काळी हाफपँट चढवू लागला की सुलाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "निघाले शिव्या खायला." आणि त्यात काही खोटं नव्हतं. आठवडाभर कारखान्यात लेथवर उभं राहायचं, सुट्टीच्या दिवशी शिट्टी घेऊन नाशिकभरच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांमागे धावायचं आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या पदरात पाडून घरी यायचं, हा शौक कुणा शहाण्याला असेल? पुंजारामला होता. पहिली काही वर्षं तरी होता, पुढे नुसती सवय उरली.

सगळ्यात मोठा ताप असायचा तो सुटलेल्या बॉलचा. बॉल कुणाच्याच ताब्यात नाही, तिघं-चौघं एकदम झेपावतात, माती उडते आणि त्या धुरळ्यातून बॉल कुठूनतरी बाहेर येतो. पाय आधी कुणाचा लागला? कुणी कुणाला रेटलं? विचार करायला सवड नसते. शिट्टी वाजली तर तेव्हाच, नाहीतर राहिलीच. गुडघा धरायला लागल्यापासून पुंजाराम बॉलच्या जरा मागेच असायचा, म्हणून तो कानावर विसंबू लागला. बुटाचा टोला वेगळा वाजतो, अनवाणी पायाचा वेगळा. आणि ओरडणं तर सगळंच सांगून जातं. आपल्या गड्याला "सोड" म्हटलं तर चालतं. समोरच्याला फसवायला "सोड" म्हटलं तर तो गुन्हा.

सत्याहत्तरच्या हिवाळ्यात पुंजारामच्या वसाहतीच्या संघाची पंचवटीच्या संघाशी गाठ पडली. नेमलेला रेफरी आलाच नाही. पुंजारामचा धाकटा भाऊ गोरक्ष वसाहतीकडून खेळत होता, तरी पंचवटीवालेच म्हणाले, "पुंजारामभाऊ चालतील, भाऊ म्हणजे तराजूचा काटा." एका कंपनीचे साहेब खुर्ची टाकून बसले होते. त्यांना कंपनीच्या संघासाठी एक खेळाडू हवा होता, आणि खेळाडू म्हणजे कायमची नोकरी. गोरक्ष मॅट्रिक होऊन घरी बसलेला. आई भिमाबाईनं सकाळी त्याच्या हातावर साखर ठेवली होती.

पंचवटीचा गोलकीपर सावळीराम, मळ्यात फुलं पिकवणाऱ्या घरातला. वसाहतीच्या संघातही एक सावळीराम होता, पण त्याला त्या नावानं हाक मारतो कोण? तो सावळ्या. गोरक्ष गोरख्या, भिकन भिक्या. पुंजाराम पोरांवर कावायचा, "अरे, सावळ्या-भिक्या ही गावच्या पाटलानं हाक मारायची तऱ्हा. गाव सोडून आलो ना आपण? पुरी नावं घ्या की!" पोरं हसायची आणि पुन्हा सावळ्याच म्हणायची.

सामना संपत आला तरी बरोबरी मोडली नव्हती. पंचवटीच्या गोलसमोर बॉल सुटला. धुरळ्यात पाचसहा पाय. पुंजाराम लंगडत मागून येत होता, त्याला दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र स्वच्छ आलं, गोरक्षच्या आवाजात, "सावळीराम, सोड!" गोलकीपरनं वाकून पुढे केलेले हात मागे घेतले आणि गोरक्षनं बॉल आत मारला.

वसाहतीनं एकच गिल्ला केला. पुंजारामची शिट्टी वाजली तेव्हा सगळ्यांना वाटलं, गोलचीच.

"मला वाटलं आमचाच बॅक ओरडला," गोलकीपर रडवेला होऊन सांगत होता.

गोरक्ष धावत आला. "दादा, मी आपल्या सावळ्याला सांगितलं! तो होता ना बॉलवर!"

सावळ्याला. स्वतःच्या तोंडानं सावळ्याच म्हणाला की हा! मग ती पुऱ्या नावाची हाक कुणासाठी होती? पुंजारामला आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. त्यानं गोल रद्द केला आणि सख्ख्या भावाला सगळ्यांदेखत ताकीद दिली.

साहेबांनी पंचवटीचा गोलकीपर घेतला.

वसाहत म्हणाली, काट्याचं नाव राखायला यानं भाऊ घालवला. गोरक्ष महिन्याभरात सटाण्याला गेला, कांद्याच्या गोण्या उचलायला. सणावारालाही फिरकेना. भिमाबाई जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, "साऱ्यांचा न्याय केलास बाबा, पाठच्याचा तेवढा राहिला." पुंजाराम ऐकून घ्यायचा. थकला होता तो, पण आपल्या कानाबद्दल त्याला शंका नव्हती. त्या एका गोष्टीवर तो शांत झोपत असे.

पंच्याऐंशी साली सावळ्या चहाला आला, शाळामास्तर झाला होता. बोलता बोलता हसून म्हणाला, "पुऱ्या नावाचं तुमचं आम्ही एकदाच ऐकलं, भाऊ. त्या सामन्यात. साहेब बसलेत म्हणून गोरख्यानं सगळ्यांना दम भरला होता, आज दादा सांगतो तशीच हाक मारायची. जिभेवर येईना कुणाच्या. शेवटी त्यालाच जमलं, त्या सुटलेल्या बॉलला. मी पाय उचललाच होता. सावळीराम सोड म्हणाला, मी काढून घेतला."

पुंजारामनं बशी खाली ठेवली. "तेव्हा का बोलला नाहीस रे?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि रेफरीशी हुज्जत घालायची नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं."

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं सटाण्याची एसटी धरली. काय बोलायचं ते वाटभर जुळवलं, पण जुळेना. लाज वाटत होती, आणि आठ वर्षांचा शीण एकदम अंगावर आला होता. मार्केटात हमालांची रांग लागली होती. त्यानं चौकशी केली तेव्हा एकानं बोट दाखवलं, "गोरख्या का? तो तठे शे."

गोरक्ष पाठमोरा होता, पाठीवर गोणी, केसांत कांद्याची सालं. पुंजाराम अगदी जवळ गेला.

"गोरक्ष!"

तो हलला नाही. पुंजारामनं पुन्हा, जरा मोठ्यानं हाक मारली. शेजारच्यानं कोपर मारलं तेव्हा कुठे तो वळला आणि बघतच राहिला.

"दादा, तू होय?" त्यानं गोणी खाली टाकली. "मला वाटलं, कुणीतरी दुसऱ्यालाच हाक मारतंय."