पत्र वाचायचा हक्क

त्या वर्षीच्या डिसेंबर अखेरीस ट्रीना कोस्केलाची शरीररचना कालबाह्य होणार होती. हाडं आणि स्नायू जागच्या जागीच राहणार होते. मुदत संपणार होती ती सात वर्षांपूर्वी तिने साठ मैलांवरच्या कॉलेजात, नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गात उत्तीर्ण केलेल्या त्या विषयाची. फिजिशियन असिस्टंटच्या शाळांचा नियमच तसा होता: विज्ञानाचे विषय सात वर्षांहून जुने चालायचे नाहीत. सात वर्षांत माणसाच्या अंगात एखादं नवं हाड फुटतं की काय, हे विचारायची सोय मात्र अर्जात कुठे नव्हती.

साल २०१६. ट्रीना छत्तीस वर्षांची होती आणि अमेरिकेतल्या मिशिगनच्या वरच्या भागात, लोखंडाच्या खाणींच्या एका गावात, म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये मदतनीस होती. अंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, भरवायचं, नाडी-ताप टिपून ठेवायचा आणि गेलेल्याचे डोळे मिटायचे, हे तिचं सोळा वर्षांचं काम. डॉक्टर महिन्यातून दोनदा, तेही बर्फ नसेल तर यायचे. बाकीचे दिवस सगळा भार वेन्डेल टॉर्मलावर. वेन्डेल फिजिशियन असिस्टंट होता, म्हणजे डॉक्टरही नव्हे आणि नर्सही नव्हे. पण तपासायचा तो, टाके घालायचा तो, औषध लिहून द्यायचा तोच. एकसष्ट वर्षांचा, सैन्यात जखमी जवानांना पट्ट्या बांधता बांधता शिकलेला. तो निवृत्त झाल्यावर कोण, हा प्रश्न गावात सगळे विचारायचे आणि कोणी उत्तर देत नसे. ट्रीनाकडे उत्तर होतं. ते तिने दहा वर्षं कोणाला सांगितलं नाही, नुसती शिकत राहिली.

शाळांच्या अटी समजून घ्यायलाच तिची दोन वर्षं गेली होती. एका शाळेला सेंद्रिय रसायन हवं, दुसरीला नको पण जीवरसायन हवं. एकीला संख्याशास्त्र चालतं, दुसरी म्हणते ते गणित विभागाने शिकवलेलं पाहिजे. प्रयोगशाळेचे तास संगणकावर केलेले असले तर एक शाळा मान्य करते, दुसरी नाक मुरडते. रसायन होईपर्यंत सूक्ष्मजीवशास्त्र जुनं झालं. ते पुन्हा केलं तोवर पदवीचे चार विषय राहिले होते. सगळे विषय एकाच वेळी जिवंत असतील असं एकच वर्ष हाताशी लागत होतं, आणि ते हे. ह्या वर्षी झालं तर झालं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून सुरू करायचं बळ आता तिच्यात उरलं नव्हतं. हे तिने स्वतःशी स्पष्ट कबूल केलं होतं.

मग तासांचा हिशेब. रुग्णांच्या थेट सेवेचे एक हजार तास पाहिजेत, असं ती अर्ज करणार होती त्या तिन्ही शाळांचं म्हणणं. ट्रीनाचे तीस हजारांच्या घरात होते. त्यातल्या एका शाळेने कळवलं की अंघोळ घालणं आणि भरवणं हे तास 'सेवेत' धरायचे की 'सोबतीत', ते समिती ठरवेल. हे पत्र तिने आईला वाचून दाखवलं. आई, म्हणजे आयली, खुब्याचं हाड मोडून खुर्चीत बसलेली, पण जिभेला कुठे धक्का लागलेला नव्हता.

"तीस हजार तास म्हाताऱ्यांची ढुंगणं धुतलीस," आयली म्हणाली. "आता आणखी काय पुरावा हवाय त्यांना? वास?"

नर्सिंग होममधल्या आर्विड पेल्टोनेनने तर शाळांच्या अटींची यादी भिंग लावून दोन वेळा वाचली. आर्विड एक्क्याण्णव वर्षांचा निवृत्त दातांचा डॉक्टर. त्याच्या काळी दातांच्या कॉलेजात जायचं तर परीक्षेत एक खडू आणि चाकू हातात द्यायचे आणि ह्या मापाचा आकार कोर म्हणायचे. त्याने कोरला, परीक्षकांनी फिरवून पाहिला, आणि सप्टेंबरात वर्ग सुरू झाले. त्याचा नातू त्या वर्षी दातांच्या कॉलेजांना अर्ज करत होता. त्यालाही शंभर तास दवाखान्यात नुसतं उभं राहून बघावं लागलं, वर परीक्षा, मुलाखत आणि पत्रं. पण त्याला घरात विचारायला बाप होता, तोही दातांचाच डॉक्टर. कुठला रकाना वाचायचा आणि कुठल्या रकान्यात न वाचता खूण करून पुढे जायचं, हे अशा घरात जेवता जेवता कळतं. ट्रीनाच्या घरात जेवता जेवता खाण कळायची.

शिफारसपत्रं तीन लागत. एक शिक्षकाचं, एक वरिष्ठ नर्सचं, आणि एक प्रत्यक्ष काम करणाऱ्या फिजिशियन असिस्टंटचं. तिसरं सगळ्यांत वजनदार. पन्नास मैलांत वेन्डेलशिवाय दुसरा फिजिशियन असिस्टंट नव्हता. विचारायला तिला तीन आठवडे लागले. शेवटी त्याच्या खोलीत रक्तदाबाची नोंदवही ठेवताना विचारलं. तो चष्म्यावरून बघत राहिला, मग म्हणाला, "लिहीन. आणि नुसतं लिहायचं म्हणून नाही लिहिणार." ती त्या दिवशी घरी जाताना गाडीत रडली. तशी ती रडणाऱ्यातली नव्हती.

ऑगस्टमध्ये गावच्या वाचनालयातल्या संगणकावर तिने अर्ज भरायला घेतला. पत्र देणाऱ्यांची नावं आणि पत्ते भरले. खाली एक वाक्य होतं: हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी स्वेच्छेने सोडत आहे. पुढे दोन चौकटी, हो आणि नाही.

ट्रीनाचा हात थांबला. तिचा बाप मार्टी कोस्केला तीस वर्षं खाणीत युनियनचा माणूस होता. त्याचा थोरला भाऊ टोइवो ह्याने फुप्फुसं बिघडायच्या आधी कंपनीने पुढे केलेल्या एका कागदावर, दावा करण्याचा हक्क सोडतो, अशी सही केली होती. कागद देणारा कारकून फार गोड बोलला होता. पुढची नऊ वर्षं टोइवो खोकत राहिला आणि मार्टी वकिलांच्या दारात उभा राहत राहिला. त्यातून काही निघालं नाही. त्यानंतर मार्टीने घरात एकच गोष्ट पोरांच्या डोक्यात ठोकून बसवली होती: कागदावर 'हक्क सोडतो' असं लिहिलेलं असलं की पेन खाली ठेवायचं. मग समोर कोणीही असो. त्या खाणीच्या गावात हे प्रत्येक घरात पोरांना शिकवलेलं होतं, आणि शिकवणाऱ्यांचं चुकलं होतं असं कोणी म्हणू नये.

शिवाय, तिच्यापुरतं खरं सांगायचं तर, आणखीही एक होतं. आजवर तिच्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. कामाच्या नोंदीत वेळेवर येते, सुट्ट्या कमी, एवढंच. वेन्डेल काय लिहील ते कधीतरी वाचायला मिळावं असं तिला फार वाटलं. विचारायला आसपास कोणी नव्हतं; वाचनालयाची बाई मासिकं लावत होती. ट्रीनाने 'नाही'वर खूण केली. तिन्ही पत्रांसाठी.

ह्या अर्जांची रीत अशी आहे की जो हक्क सोडत नाही त्याची पत्रं 'उघडी' समजली जातात, आणि उघडं पत्र म्हणजे तोंडावर केलेली स्तुती, असं समित्या धरून चालतात. हे अर्जावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

दोन शाळांचे नकार नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआतच आले. तिसरीने मुलाखतीच्या प्रतीक्षायादीत ठेवलं. ट्रीनाने त्या तीन महिन्यांत मुलाखतीसाठी निळा कोट शिवून घेतला आणि आयलीने त्याची गुंडी दोनदा बदलायला लावली. डिसेंबर संपला, शरीररचना मेली. फेब्रुवारीत तिसरा नकार आला. खाली लिहिलं होतं की नाकारलेल्या उमेदवाराला हवं असल्यास वेळ ठरवून फोनवर कारण समजून घेता येईल.

फोनवरची बाई चांगली होती. तिने फाइल उघडली, गुण पाहिले, बरे आहेत म्हणाली. तास पाहिले आणि आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली की पत्रांमध्ये जरा कमी पडलं. तिन्ही उघडी होती, त्यामुळे समितीने त्यांना फारसं वजन दिलं नाही, आणि तशीही ती सर्वसाधारण होती. मेहनती, वक्तशीर, प्रेमळ, अशी. उमेदवाराला जवळून पाहिलेल्या माणसाने एखादा प्रसंग सांगावा, तसं काही त्यात नव्हतं.

"मला ती वाचता येतील का?" ट्रीनाने विचारलं. "मी हक्क सोडलेला नाही."

"तो हक्क प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना असतो, बाई," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाही ना."

ट्रीनाने आभार मानले आणि फोन ठेवला. आयली खुर्चीतून बघत होती. तिला सगळं सांगितल्यावर तिने मार्टीच्या फोटोकडे एक नजर टाकली आणि इतकंच म्हणाली, "तुझ्या बापाला यातलं काही ठाऊक नव्हतं ग."

दुसऱ्या दिवशी दुपारी धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत ती वेन्डेलच्या दाराशी थांबली. आपल्याला त्याचा राग आला आहे की नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. तिने नकार सांगितला. मग पत्राचं सांगितलं.

वेन्डेलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू हक्क ठेवलास ते मला दिसलं होतं. पत्र टाकायच्या पानावर वरच लिहिलेलं असतं, उमेदवार हे वाचू शकते म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तुझा माझ्यावर भरवसा नाही. आणि नसला तर बरोबरच आहे, असंही वाटलं." "मी हिल्माबद्दल लिहिलं होतं, ट्रीना. दोन पानं. पान उघडलं, वर ते वाक्य पाहिलं, आणि सगळं काढून टाकलं."

हिल्मा रूओना, नर्सिंग होममधली एक म्हातारी. तीन वर्षांपूर्वी सकाळच्या खाण्याला तिने ओटची लापशी परत सारली होती आणि खांदा दुखतो म्हणाली होती. वेन्डेलने तपासलं, रात्री अवघडली असेल म्हणाला, मलम लिहून दिलं आणि पुढच्या खोलीत गेला. ट्रीनाने हिल्माला बारा वर्षं लापशी भरवली होती. हिल्माने ती कधी परत सारली नव्हती. तिने नर्सला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. नर्स म्हणाली, वेन्डेलने पाहिलंय. ट्रीना दारात आडवी उभी राहिली आणि फोन होईपर्यंत हलली नाही. हार्ट अ‍ॅटॅक होता. हिल्मा त्यानंतर दोन वर्षं जगली. ह्या गोष्टीची वाच्यता ट्रीनाने कुठेही केली नव्हती, घरीसुद्धा नाही.

"समितीतल्या सहा अनोळखी माणसांना सांगायला मला काही वाटलं नसतं," वेन्डेल म्हणाला. "मी चुकलो, आणि जिला ह्या कामाचा परवाना नाही तिला ते दिसलं, हे लिहिलं होतं मी. परवाना हिला द्या, असं लिहिलं होतं. पण ते तू वाचशील, आणि मग रोज सकाळी तुझ्यासमोर यायचं, हे माझ्याच्याने होईना. म्हणून मेहनती आणि वक्तशीर लिहिलं."

बाहेरच्या पटांगणात बर्फ काढायचं यंत्र चाललं होतं. ट्रीना गाडीच्या दांड्याला धरून उभी होती. इतके महिने तिला वाचायचं होतं ते हेच, आणि आता ते कानावर पडलं होतं, ज्याने लिहायचं त्याच्याच तोंडून. पण तिला कुठे काही हललेलं जाणवलं नाही.

"पुढच्या वर्षी लिहितो," तो म्हणाला. "सगळं लिहितो. शब्द देतो."

तिने त्याला सांगितलं की शरीररचनेची मुदत संपली, कॉलेजने संध्याकाळचा वर्ग बंद केला, दिवसाच्या वर्गाला जायचं तर नोकरी सुटते, आणि आईला उठवायला-बसवायला दुसरं कोणी नाही. सांगताना तिचा आवाज चढला नाही. वेन्डेल मान खाली घालून ऐकत होता, आणि एकदम फार म्हातारा दिसत होता. मग काहीतरी बोलायलाच हवं असं वाटून त्याने पुन्हा हिल्माचं काढलं. त्या सकाळी आपलं कुठे चुकलं, नाडी कशी होती, तू दारात कशी उभी होतीस.

"हे मला नाही सांगायचं, वेन्डेल," ट्रीना म्हणाली. "मी होतेच की तिथे. हे त्या समितीला ठाऊक नव्हतं."

आणि चादरी अजून कोमट आहेत तोवर पलंगांवर घालायला हव्यात म्हणून तिने गाडी पुढे ढकलली.