मिश्री म्हणजे तंबाखू न्हाई

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — घरी नाही, खात्यात तर नाहीच.

मी आरोग्य खात्यात होतो आणि कामात पक्का होतो. हे सांगायला म्हातारपणी लाज कसली? कामकरी माणसांना बीपीचा, साखरेचा, कॅन्सरचा धोका किती, ते विचारून-मोजून काढायचं, हे माझं काम. नांदेडच्या हमालांनी बायकोपासून लपवलेली दारू मला सांगितली. दरडावून नव्हे, शेजारी उकिडवं बसून विचारलं म्हणून.

मग लातूरची एक डाळमिल आली. तिथं डाळ निवडायला माझी वहिनी होती. आईमागं मला तिनंच वाढवलं, शिकवलं. ‘तपासायला माझेच भावजी येणार हायत’, असं तिनं साऱ्या बायांना सांगून ठेवलेलं. तंबाखूला जी हो म्हणेल तिला आत आमच्या खात्याच्या साहेबांपुढं नेऊन बॅटरीनं तोंड बघायचं, असं ठरलं होतं.

वहिनी मिश्री लावायची. तंबाखूच ती — भाजून, कुटून दातांवर घासायची. पण आमच्याकडच्या बाया तिला तंबाखू धरत नाहीत, दात घासणं धरतात. म्हणून मी सगळीकडं मिश्रीचं वेगळं विचारायचो. ही माझीच युक्ती, साहेबांनी वाखाणलेली.

त्या दिवशी? आरोग्यवाल्याच्याच घरातलं तोंड साहेबांपुढं कसं उघडायचं? मी नुसती तंबाखू विचारली. ती न्हाई म्हणाली. आणि मग थांबली.

“भावजी, मिश्री धरायची का त्यात?”

“धरली तर साऱ्या मिलचीच तोंडं बघावी लागतील की,” मागची बाई म्हणाली. बाया हसल्या.

“न्हाई वहिनी,” मी म्हणालो. “मिश्री म्हणजे तंबाखू न्हाई.”

रांगेनं ऐकलं. माझा शब्द — कोण शंका घेणार? त्या दिवशी आत कुणीच गेलं नाही.

काही वर्षांनी वहिनीच्या गालात गाठ निघाली. नांदेडला नेलं. अर्धा जबडा काढावा लागेल म्हणाले. मिश्री वाईट, हे कुणी सांगितलं नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. वहिनीनं ताठ मानेनं माझ्याकडं बोट केलं. आमचे भावजी खात्यात होते, म्हणाली. त्यांनीच सांगितलं, मिश्री म्हणजे तंबाखू न्हाई.

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं.

“हिनं काहीतरी चुकीचं ऐकलं असेल,” मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. मग डॉक्टरांना म्हणाली, “हाव. मीच चुकीचं ऐकलं असंल.”

ऑपरेशननंतर तिचं बोलणं कुणाला कळेना.

तिनं बरोबर ऐकलं होतं.