टोकाच्या खुर्चीतली केझाया

केझाया ऑर्मरॉड अकराव्या वर्षी लँकशायरच्या कापड गिरणीत लागली आणि पन्नाशीला कानांनी निम्मी उरली. चारशे मागांच्या खडखडाटात सगळ्याच बायकांचं तसं व्हायचं. त्या एकमेकींचे ओठ बघून बोलत. लग्नं जुळवत, सासवांची उणीदुणी काढत, आणि शेजारी उभ्या मुकादमाला पत्ता नसे. नवरा गेला, मुली लग्न होऊन लांब गेल्या, आणि केझायाच्या हक्काची एकच जागा उरली: गावच्या गायनमंडळात, गिरणीतल्याच जाड आवाजाच्या बायकांच्या रांगेत, टोकाची खुर्ची. एकतीस वर्षं तिथं दुसरं कोणी बसलं नव्हतं.

त्या साली मंडळानं सर ऑब्री फेन यांना बोलावलं. मोठे संगीतकार. बायबलातल्या कथांवर त्यांनी चार लांबलचक गानकथा रचल्या होत्या, आणि एकीतही दोन तास गायल्याशिवाय कोणी मरत नसे. पाचवी ते स्वतः बसवून घेणार होते, आणि शनिवारी ती गावासमोर गायची होती. तिच्यात मध्येच सगळं थांबायचं, दीर्घ शांतता, आणि मग जाड आवाजाच्या बायकांनी एकदम सुरू करायचं.

गुरुवारच्या तालमीत त्या जागी केझाया एकटीच सगळ्यांच्या आधी गायला लागली. पुन्हा घेतलं, पुन्हा आधी. तिसऱ्यांदा सर ऑब्रींनी ताल दाखवायची छडी खाली ठेवली आणि मंडळाला वर्षभर शिकवणाऱ्या बिचाऱ्या पिलिंग मास्तरांच्या कानाशी कुजबुजले.

सर ऑब्रींचे ओठ थांबले आणि चाळीस बायकांनी वह्या मिटल्या. ही खुर्ची गेली तर संध्याकाळी जायचं कुठं, हे केझायाला खरंच ठाऊक नव्हतं. ती उठली.

"टोकाची म्हातारी शनिवारी नको म्हणालात, साहेब. बहिरी आहे म्हणालात. ते खरंय."

"केझाया, खाली बस गं," पिलिंग मास्तर म्हणाले.

"तुम्हाला ऐकू आलं?" सर ऑब्रींनी विचारलं.

"ऐकू कुठलं येतंय. दिसलं."

"आम्हा सगळ्यांना दिसलं," शेजारची बर्था म्हणाली. "मंगळवारी आम्हाला भिजलेली गोणपाटं म्हणालात, तेही दिसलं."

सर ऑब्रींचे कान लाल झाले.

"साहेब, छडी हलवताना तुम्ही तोंडानं शब्द म्हणता," केझाया म्हणाली. "मी तुमच्या तोंडाबरोबर सुरू करते. छडी मागनं येते. हात ऐटीत इतका वर नेता, की त्याला खाली यायला वेळ लागतो."

तीस वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सर म्हणवणाऱ्या माणसाला सांगणार कोण? त्यांनी छडी उचलली आणि म्हणाले, "सगळ्यांनी तोंडाकडे बघा."

चाळीस आवाज एका दमात उठले. मागचा ढोलवाला दचकून उभाच राहिला. सर ऑब्रींनी तालीम पुढे चालू ठेवली, पण खुर्चीबद्दल चकार शब्द काढला नाही.

शनिवारी केझाया काळा झगा घालून आली आणि कोणाला न विचारता आपल्या जागी बसली. तिला कोणी उठवलं नाही. शांतता आली, सरली, आणि सगळ्या जणी ठाकठीक सुरू झाल्या. शेवटी नमस्काराला सगळ्या उभ्या राहिल्या, आणि टाळ्या तिला पायाखालच्या फळ्यांतून कळल्या.

सर ऑब्री एव्हाना शहाणे झाले होते. तोंडावर रुमाल धरून ते पिलिंग मास्तरांशी काहीतरी बोलले. बायकांनी माना ताणल्या, पण काही हाती लागेना. मास्तरांकडे मात्र रुमाल नव्हता.

"हो साहेब," त्यांचे ओठ म्हणाले, "पुढच्या वर्षीही तिलाच तिथं बसवतो."

केझाया मटकन खाली बसली आणि सगळ्या गावासमोर घळाघळा रडली.